पद मिळाले नाही तर तयारीची वर्षे वाया गेली का?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत राहून राज्यसेवेची पूर्व आणि मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालो, मात्र मुलाखतीनंतरच्या अंतिम यादीत नाव आले नाही. खुल्या प्रवर्गाची ३८ वर्षांची मर्यादा अजून दूर असल्याने घरचे पुन्हा बसायला सांगतात. पदाखेरीज स्वतःच्या प्रगतीचे दुसरे काही माप असू शकते का?

प्रतिसाद १ : जागा मोजक्या आणि अर्ज लाखोंनी असताना अंतिम यादी आपल्या हाती नसते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तेव्हा घड्याळ लावून उत्तर लिहावे, जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि मुद्दा कुठे निसटला, हे समासात नोंदवून तेच उत्तर पुन्हा लिहावे. ही सुधारणा डोळ्यांना दिसते. अभ्यासिकेत किती तास बसलो, याचा हिशेब मात्र (तो सगळेच मोठ्या अभिमानाने सांगतात) मला निरुपयोगी वाटतो.

प्रतिसाद २ : धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत, पण त्यांची आठवण निघते ती १८९६ साली काढलेल्या विधवांच्या आश्रमामुळे आणि १९१६ च्या महिला विद्यापीठामुळे. अधिकारी होऊन नेमके कोणते काम करायचे होते, ते आधी लिहून काढा. त्यातले बरेचसे पदाविना जमणारे निघेल.

प्रश्नकर्ता : पाणीपुरवठा, हे माझे उत्तर. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरतो आहे, शिवाय गावच्या ग्रामसभेलाही जाणार आहे.