जुन्या वह्या टाकू नका

‘पाच वर्षं रोज चित्रं काढतोय, तरी हात सुधारत नाही, सोडून द्यावंसं वाटतं’ असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून सोडू नका. या काळात तुमची नजर तयार झाली आहे, म्हणून चुका दिसू लागल्यात. हात नेहमी नजरेच्या मागून येतो.

मी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, मग १२ वर्षं पेन्सिल हातात घेतली नाही. पुन्हा सुरुवात केली ती नाशिकच्या गोदाघाटावर. दर हिवाळ्यात एकदा, त्याच पायरीवर बसून नारोशंकराचं देऊळ काढायचं आणि कोपऱ्यात तारीख टाकायची, एवढाच नेम. पहिल्या वर्षी शिखरावरची एकेक नक्षी कोरत बसले आणि देऊळ पानाबाहेर गेलं. चौथ्या वर्षी डोळे बारीक करून आधी फक्त सावलीचे भाग भरले, तेव्हा कुठे दगडाला वजन आलं. ही दोन पानं शेजारी ठेवली की मला दुसऱ्या कुणी समजवावं लागत नाही. म्हणून म्हणते, जुन्या वह्या रद्दीत देऊ नका.

इन्स्टावरच्या चित्रांशी तुलना तेवढी बंद करा. कंटाळा आला तर विषय बदला, वही नको. मी अशा वेळी रविवार कारंजा चौकात चहा घेत माणसं काढते, प्रत्येकी दोन मिनिटं, खोडरबर घरी ठेवून. सकाळी सातच्या सुमारास गर्दी कमी असते आणि उन्हं तिरपी, सावल्या छान मिळतात.