मदत हवी आहे: मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान, हिवाळ्यात हवेत नेमके किती तास?

जानेवारीत आई एकटीच मुंबईहून न्यूयॉर्कला येतेय. सरळ अंतर साधारण 12,500 किलोमीटर, ताशी 900 धरले तर 14 तास. तिकिटावर मात्र 16 च्या वर दिसतात. हिवाळ्यात जेट स्ट्रीमचा वारा जोरात समोरून येतो, शिवाय एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद, म्हणजे वळसा आलाच. तिकिटातल्या वेळेत धावपट्टीकडे जाण्या-येण्याचा वेळही धरतात, तो किती ते कळत नाही.

आई इन्सुलिन घेते. डोस बसवायला डॉक्टरांनी नेमके तास विचारलेत. गुडघ्यांमुळे मध्ये विमान बदलणं नको. व्हीलचेअर सांगून ठेवलीय.

गेल्या हिवाळ्यात थेट आलेल्यांनी कृपया सांगा: उड्डाणापासून उतरेपर्यंत किती तास लागले आणि पहिलं जेवण किती वेळाने मिळालं?