शब्दचर्चा : साध्या मजकुराचा ‘दुवा’ होतो, त्या क्रियेला काय म्हणावे?

प्रश्नकर्ता, जुळे सोलापूर

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत लोक समाजमाध्यमांवर जे लिहितात, ते एकाच पानावर ओळीने दिसावे यासाठी मी आमच्या मंडळाला एक छोटी आज्ञावली लिहून दिली आहे. माध्यमाकडून येणारा मजकूर हा निव्वळ अक्षरांची ओळ असतो. त्यात एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असला, @ लावून कुणाचे खातेनाव लिहिलेले असले किंवा # लावलेला शब्द असला, तरी पानावर ती सारी मुकी अक्षरेच राहतात आणि त्यांवर टिचकी मारून काहीही उघडत नाही. आज्ञावली ते तुकडे ओळखते आणि एचटीएमएलच्या, म्हणजे संकेतस्थळाचे पान रचण्याच्या भाषेतल्या, ‘ए’ या खुणेत गुंडाळते, मग ते उघडू लागतात. पुढच्या वर्षी काम पाहणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत टिपण लिहीत आहे आणि नेमका या क्रियेच्या नावापाशी अडलो आहे. आज्ञावल्या लिहिणारे तिला ‘लिंकिफाय’ म्हणतात. मी ‘दुवीकरण’ असे लिहिले, ते वाचून आमचे खजिनदार हसले. जाणकारांनी सुचवावे.

निवृत्त मुद्रितशोधक, साखर पेठ

खजिनदारांचे हसणे मला समजते. सोलापूरकराने दौंडकडच्या लोहमार्गाच्या दुहेरीकरणाच्या बातम्या इतकी वर्षे वाचल्या आहेत की ‘दुवीकरण’ ऐकताच त्याला रूळच दिसतील. शब्द संकरित आहे हा आक्षेप मात्र मी घेणार नाही, कारण ‘शहरीकरण’ आणि ‘बाजारीकरण’ हे शब्द त्याच घडणीचे आहेत आणि ते आपण बिनतक्रार वापरतो. अडचण कानाची आहे, व्याकरणाची नाही.

मूळ नाम म्हणून ‘दुवा’ उत्तम आहे. मराठी विकिपीडियावर ‘बाह्य दुवे’ हे शीर्षक रुळून गेले आहे, आणि ‘दोन पिढ्यांमधला दुवा’ असे आपण संगणक येण्यापूर्वीही म्हणत होतो. फक्त क्रियापद निवडताना जपावे लागते. ‘दुवा देणे’ म्हटले की आपल्या गावात, जिथे मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि दखनी रोज कानावर पडते, पहिला अर्थ आशीर्वादाचा निघतो. ‘खाली दुवा दिला आहे’ हे वाक्य वाचून आमच्या शेजारच्या चाचींनी ‘कुणाला दिला?’ असे विचारले होते. तेव्हा ‘दुवा जोडणे’ असे लिहावे, असे मला वाटते.

‘ए’ ही खूण ‘अँकर’ या शब्दाचे आद्याक्षर आहे, म्हणून उद्या कुणी तिला ‘नांगर’ म्हणेल, त्याला आताच विरोध नोंदवतो. समुद्र पाहिलेल्यांना तो चालेल; ज्वारीच्या मुलखात नांगर शेतातच बरा.

प्रश्नकर्ता, जुळे सोलापूर

सर, ‘जोडणे’ माझ्याही मनात आले होते, पण जोडायला काहीतरी बाहेरून आणावे लागते. इथे पत्ता लिहिणाऱ्यानेच लिहिलेला असतो. आज्ञावली तो फक्त ओळखते. सगळी मेख या ओळखण्यात आहे, आणि त्यात मराठीची कशी फजिती होते ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

# नंतरचा शब्द कुठे संपतो हे ठरवण्यासाठी मी आधी जो तयार नमुना वापरला, त्याला जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे मी आज्ञावली ज्या भाषेत लिहिली तिच्यात, इंग्रजीची २६ अक्षरे (लहान आणि मोठी), १० अंक आणि अधोरेषा एवढेच ‘शब्दातले’ वाटते. त्यामुळे ‘#मराठी’ हा मजकूर जसाच्या तसा मुका राहिला. मग मी ‘युनिकोडमधले (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय यादीतले) कोणतेही अक्षर’ असा नमुना लिहिला. युनिकोडच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरे नाहीत, तर अक्षराला लागणारी चिन्हे आहेत, आणि त्यांचा वर्ग वेगळा आहे. परिणामी ‘म’ आणि ‘र’ घेतल्यावर काना आला, आणि नमुना तिथेच थांबला. पडद्यावर ‘#मराठी’मधले फक्त ‘#मर’ निळे झाले, म्हणजे तेवढ्याचाच दुवा झाला. पन्नासेक लोकांसमोर आमच्या पानाने मायबोलीला दिलेला हा आशीर्वाद होता. दुवा म्हणावे तर तो असा. चिन्हांचा वर्ग नमुन्यात घातल्यावर अख्खा शब्द निळा झाला.

नक्षीकार, अक्कलकोट रस्ता

मी चादरीच्या कारखान्यात संगणकावर जॅकार्डची (मागावरच विणल्या जाणाऱ्या कापडाची) नक्षी तयार करते, त्यामुळे ‘नमुना’ हा शब्द आपण वापरलेला पाहून बरे वाटले. आमच्याकडे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कोणता उभा धागा उचलायचा ते मागाला कळत असे. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. अक्षर नमुन्यात बसते की नाही, हे आज्ञावली तसेच पाहते.

आता @ विषयी. आमचे दुकान जाहिरातीत ‘चादर @650’ असे लिहिते, कारण बिलावर दर लिहिण्याची तीच जुनी रीत आहे. एका पानावर या मजकुराचा दुवा झाला आणि गिऱ्हाईक ‘650’ नावाच्या कुणा खातेदाराकडे पोहोचले. आकडे मराठीत टंकले असते, तर जावास्क्रिप्टच्या त्या जुन्या नमुन्यातून आम्ही सुटलो असतो, ही गंमत मला आजच कळली. म्हणजे ‘ओळखणे’ ही क्रिया चुकूही शकते, आणि शब्द निवडताना चुकण्याला जागा ठेवली पाहिजे.

शब्दापुरते माझे मत सांगते. ‘सांधणे’ कुणी सुचवील, पण सांधायचा तो तुटलेला धागा. इथे काहीच तुटलेले नाही. ‘सुताचे कापड करणे’, ‘कापडाचा सदरा करणे’ या वळणावर ‘मजकुराचा दुवा करणे’ असे म्हणावे. सूत कापडातही सूतच राहते, तशी अक्षरेही तीच राहतात, फक्त कामाला येतात. चूक झाली तर ‘नको त्याचा दुवा केला’ असे सरळ म्हणता येते. ‘राईचा पर्वत केला’ म्हणतो तसेच.

निवृत्त मुद्रितशोधक, साखर पेठ

ताई, मी ‘जोडणे’ मागे घेतो. ‘अमक्याचा तमका करणे’ ही आपल्या भाषेची स्वतःची रचना आहे आणि तिला प्रत्यय शोधावा लागत नाही. नाम हवेच असेल, तर ‘दुवे करण्याची पायरी’ असे मोकळे लिहावे. प्रत्येक क्रियेला ‘करण’ लावून एकशब्दी नाम पाडण्याचा हट्ट हा कार्यालयीन मराठीचा रोग आहे.

प्रश्नकर्त्यांनी वर जे सांगितले, त्याच्या पुढचा प्रश्न मला अधिक छळतो. अमेरिकी तंत्रज्ञ ख्रिस मेसिना यांनी २००७ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरवर # ची कल्पना सुचवली ती इंग्रजीतून, आणि इंग्रजीत गावाच्या नावाला विभक्ती चिकटत नाही. मराठीत ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहायचे असा नियम आहे, पण सामान्यरूपात तोच ‘पू’ ऱ्हस्व होतो. म्हणून ‘#सोलापूर’ आणि ‘#सोलापुरात’ हे वाचणाऱ्याला एकच गाव असले, तरी यंत्राला दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि दोन्हींचे दुवे मजकुरांच्या दोन वेगळ्या ढिगांकडे जातात. ‘#सोलापूर मध्ये’ अशी फट सोडून लिहिणारे मी पाहतो. मुद्रितशोधक म्हणून ती फट माझ्या डोळ्यांत सलते, आणि यंत्राच्या सोयीसाठी शब्दयोगी अव्यय तोडायला माझी तयारी नाही. # लावलेला शब्द वाक्याबाहेर, शेवटी, प्रथमेत लिहावा आणि वाक्य आपल्या वळणाने चालू द्यावे, एवढीच तडजोड मी करीन. टिपणात ‘हॅशटॅग’ हाच शब्द राहू द्या; ‘हॅशटॅगला’, ‘हॅशटॅगचे’ अशी त्याची रूपे कुणालाही अडत नाहीत.

प्रश्नकर्ता, जुळे सोलापूर

आपणा दोघांचे आभार. टिपणातला परिच्छेद आता असा झाला आहे :

‘आधी मजकुरातील कोनी कंस, अवतरणचिन्हे इत्यादी निष्प्रभ करावीत, नाहीतर कुणीही मजकुराच्या आडून आपली आज्ञा पानात घुसवू शकतो. त्यानंतर पत्त्यांचे, खातेनावांचे आणि हॅशटॅगांचे दुवे एकाच फेरीत करावेत. वेगवेगळ्या फेऱ्या केल्यास पत्त्याच्या पोटातल्या # चाही दुवा होतो. निष्प्रभ केलेले एकेरी अवतरणचिन्ह ' असे लिहिले जाते, त्यातल्या #39 चा दुवा होऊ देऊ नये. पत्त्याच्या शेवटी आलेला पूर्णविराम दुव्याबाहेर ठेवावा.’

अवतरणचिन्हाचा मुद्दा अनुभवाचा आहे. ‘सिद्धेश्वर’ हे नाव कुणीतरी एकेरी अवतरणात लिहिले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळे ३९ उभे राहिले होते.

एक गाठ अजून सुटायची आहे. ‘#यात्रेकऱ्यांसाठी’ या शब्दातला अर्धा र काही कळफलक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने लिहितात, तर काही साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ते अदृश्य चिन्ह ना अक्षरांच्या वर्गात आहे, ना मात्रांच्या, म्हणून दुवा ‘#यात्रेकर्’पाशीच तुटतो. ते चिन्ह नमुन्यात वेगळे लिहून घातले की दुवा पुरा होतो, पण दोन लेखनांचे ढीग दोनच राहतात. आज रात्री दोन्ही रूपे एकाच रूपात आणूनच दुवे करण्याची पायरी ठेवतो आहे.