प्रतिसाद: गायरान मोकळं पडलंय, मग विकून का टाकू नये?

वर एकांनी लिहिलंय, ‘जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, मालक आला की जमीन सुधारते.’ अर्धंच पटलं. आमच्या गावच्या गायरानाच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव आहे, पण राखायला कुणी नाही. आधी एकाचा कडब्याचा ढीग पडला, मग त्याला तारेचं कुंपण आलं, आता तिथे पत्र्याची शेड आणि विजेचं मीटरसुद्धा! शेळ्या बिचाऱ्या रस्त्याच्या कडेनं चरतात.

पण यावर विक्री हाच उपाय कसा? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती. तो ग्रामसभेकडे यायला २०११ उजाडलं. खरी मेख तिथेच होती. तिथे ग्रामसभा बांबू तोडते, विकते, हिशेबही सगळ्यांसमोर मांडते. अर्थात तिथे सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय आधीपासूनची होती. आमच्याकडे ग्रामसभेचा कोरमच भरत नाही, आणि शेडवाला पहिल्या रांगेत बसलेला असतो.