विषय: कमानीची अक्षरं, शिरोरेषेत चिरा (शनिवारच्या आत उपाय हवा)

मंडळी,
काल क्लबातल्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) कमानीचं 'गणपती बाप्पा मोरया' कापायला घेतलं. पडद्यावर सगळं ठीक होतं. कापताना मात्र बिट (फिरतं पातं) प्रत्येक अक्षराच्या कडेला शिरोरेषा चिरत आरपार गेलं. 'मोरया'चे तीन सुटे तुकडे हातात आले आणि अर्धा बर्च प्लाय वाया गेला. शनिवारी ९ ते १२ मशीन आपल्या नावावर आहे, त्यानंतर थेट विसर्जन झाल्यावर. मागच्या वेळी पाटी ज्यांनी केली त्यांनी बोला.
नाना

---

नाना, फाँटमधलं प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्यावर किंचित चढून बसतं. आपल्याला सलग रेघ दिसते, मशीनला वेगवेगळे बंद आकार दिसतात आणि ते बिचारं इमानदारीत प्रत्येकाभोवती फिरतं. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, टेक्स्टचा पाथ (बाह्यरेषा) करा, अनग्रुप करा, सगळं निवडून युनियन मारा, म्हणजे सगळे आकार मिळून एक होतात, मग एसव्हीजी फाइल मशीनला द्या. क्लबच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट देवनागरी टाइप करू नका, 'श्री'ची पार मोडतोड होते.
एकदा जोडलं की आपली लिपी इंग्रजीपेक्षा सोयीची. अख्खा शब्द शिरोरेषेला लटकून राहतो, एकेक अक्षर चिकटवत बसावं लागत नाही.
बंडू

---

लटकून राहतो म्हणे! आणि अनुस्वार? गेल्या वर्षी स्वागताच्या पाटीवर तीन दिवस 'मराठी मडळ' होतं. टिंब भुसा ओढणाऱ्या पाइपात गेलं, आणि फोटो सगळ्यांच्या घरी आहेत. दुसऱ्या ओळीत 'मंगलमूर्ती' ठरलंय, म्हणून आत्ताच सांगते. टिंबाला टॅब ठेवा, म्हणजे न कापलेला छोटा जोड.
माई

---

मखर समितीला न विचारता कमान सीएनसीवर करायची कधी ठरलं? आम्ही इतकी वर्षं जिगसॉ आणि कानशीवर मखरं केली. महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली २०१८ मध्ये, आम्ही इथे त्याआधीच सोडलं होतं, हे कोणाच्या लक्षात नसतं.
आणि खांबांच्या खाचांचं काय? बिट गोल, आतला कोपरा गोलच राहणार. मग पटाशी मागायला माझ्याच दारात येता.
अण्णा

---

अण्णा, कोपऱ्यात बिट थोडं पुढे नेऊन डॉगबोन, म्हणजे छोटं जादा भोक, काढला की खांब बसतो. पण ती भोकं दर्शनी बाजूला दिसतील, तेव्हा पटाशी लागेलच. दुसरं, दुकानात पाऊण इंची म्हणून मिळणारा प्लाय बहुतेक वेळा २३/३२ इंच असतो. खाच व्हर्नियरने मोजूनच काढा, नाहीतर गेल्या वेळसारखा खांब डुगडुगेल.
बंडू

---

पटाशीवरून आठवलं. आजोळी जाताना सावंतवाडीच्या चितार आळीत थांबायचो. लाकडाची केळी, आंबे, हुबेहूब! माझ्या भावाने एकदा चावा घेतला होता. तिथून कोणी येणार असेल तर फळांचा एक सेट आणा ना, आरासीत छान दिसेल.
शैलावहिनी

---

बंडू, युनियन जमलं, शाब्बास. आता कडा काळ्या पडतायत. पाव इंची दोन धारांचं बिट, मिनिटाला १८००० फेऱ्या, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला १००० मिमी. जळू नये म्हणून मुद्दाम हळू ठेवलंय.
नाना

---

नाना, हळू ठेवलंय म्हणूनच जळतंय. हिशेब करा, दर धारेच्या वाट्याला ०.०२८ मिमी लाकूड येतं. हे कापणं नव्हे, घासणं झालं. फेऱ्या १२००० करा, फीड २०००, म्हणजे ०.०८३ येईल. उष्णता भुशाबरोबर बाहेर जायला भुसा जाड पडावा लागतो. आणि बिट अपकट (भुसा वर ओढणारं) असेल तर प्लायचा वरचा पापुद्रा उचकटेल, डाउनकट (खाली दाबणारं) मागा.
प्रशिक्षण न झालेल्यांना मशीनजवळ उभं राहू देत नाहीत, तेव्हा गर्दी नको.
बंडू

---

माझं झालंय, मे महिन्यात. मंगळसूत्र काढून ठेवायला लावलं, हातमोजेही चालत नाहीत, फिरत्या बिटात अडकतात म्हणे. ओढणी घरी. झेड शून्य, म्हणजे बिटाखाली कागद सरकवून त्याची उंची जुळवणं, मी करते, नानांचा कागद नेहमी फाटतो.
माई

---

पटाशी देणार नाही. घेऊन येईन. खाचा मी करेन.
अण्णा