ज्येष्ठांच्या नावावर तीन मजले जादा कशाला?

अलका_विश्रामबाग:
काल इथे एकांनी लिहिलं, "सांगलीत विश्रामबागेतल्या ज्येष्ठ निवासाच्या इमारतीला उंचीची सवलत मिळालीच पाहिजे. हरकत घेणाऱ्यांना स्वतःच्या आईबापाचं सोयरसुतक नाही." हे वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आई 84 वर्षांची. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात पहाटे साडेतीनला तिला धाप लागली. लाइट गेलेली, लिफ्ट बंद, जनरेटरमध्ये डिझेल नाही. शेजारच्या दोन पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची वळत नव्हती. प्रत्येक मजल्यावर ती तिरकी करायची, की आई घाबरून कठडा धरायची. मग मी तिचं एकेक बोट सोडवायचं, तेव्हा पुढची पायरी. मिरजेच्या दवाखान्यात दहा मिनिटांत पोचलो, पण खाली उतरायला पंचवीस मिनिटं गेली.

आणि इथे पाचाचे आठ मजले मागतायत, तेही सगळे म्हातारेच राहणार अशा इमारतीला. 2020 च्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत महापालिका आयुक्तांना सवलतीचा अधिकार आहे, मान्य. पण तो खऱ्या अडचणीसाठी, आणि आगीपासूनची सुरक्षा व शेजारपाजार यांना बाधा न येता. प्लॉट लहान आणि खोल्या कमी बसतात, ही बिल्डरची अडचण झाली. ती आजीआजोबांच्या गळ्यात का?

संजय_गावभाग:
ते कालचं मीच लिहिलंय. शब्द मागे घेत नाही. 2019 च्या पुरात माझे वडील नदीकाठच्या गावभागात तळमजल्यावर होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. वडिलांना शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर चढवलं म्हणून ते वाचले. फ्रिज बंद, इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवली होती. दोन रात्री. बोट आली तेव्हा बाटलीत दोन दिवसांचंच औषध राहिलं होतं. सांगलीत म्हाताऱ्या माणसाला उंचीचाच आधार आहे, ताई.

अलका_विश्रामबाग:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण ही इमारत गावभागात नाही. पुरात तुमच्याकडचेच लोक आसऱ्याला विश्रामबागेत आणि मिरजेत आले होते. इथे पुराचं कारण कसं चालेल?

हरिपूर_संगम:
पुराचं बोलायलाय तर मुळापासून बोला की. वारणा कृष्णेला येऊन मिळते आमच्या दारात, पण पाणी पुढं सरकंना. का? खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. आज पाणी 519.60 मीटरपर्यंत अडवतात, आता त्यांना 524 च्या वर न्यायचंय. त्या उंचीवर कोण हरकत घेणार? तीन मजल्यांवर भांडत बसलाय सगळे.

पाटबंधारे_निवृत्त:
पुराची कारणं शोधायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात सांगितलंय की 2019 च्या पुराला अलमट्टी कारण नव्हती. थोड्या दिवसांत अफाट पाऊस झाला आणि नदीच्या पात्रात आपणच भराव टाकून घरं बांधली. स्वतःचं अतिक्रमण झाकायला दरवेळी कर्नाटक पुढे करू नका.

हरिपूर_संगम:
समितीचा कागद आम्हाला नका दाखवू. माझ्या गोठ्यातल्या दोन म्हशी दाव्याला बांधलेल्या गेल्या. 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं. उतरायला किती दिवस लागले ते आम्ही उंबऱ्यावर खुणा करून मोजलंय. तुम्ही तेव्हा ऑफिसात होता.

पाटबंधारे_निवृत्त:
ऑफिसात नव्हतो. 2005 ला रात्रभर पुलावर उभा राहून पातळी घेत होतो. जीभ सांभाळून बोला.

संजय_गावभाग:
काका, अलमट्टीमुळे पाणी मागे तुंबतं, तो फुगवटा अजिबातच नाही हे मलाही पटत नाही. पण पात्रातल्या भरावाचं तुमचं खरं आहे. आमच्या मागेच टाकलाय, आम्ही सगळे गप्प बसलो.

हरिपूर_संगम:
भराव आहे, नाही कोण म्हणतंय? पण अलमट्टी सोडणार नाही मी.

मिरज_सिस्टर:
मूळ विषयावर येते. तीस वर्षं वॉर्डात काढली. मजला कितवा यापेक्षा स्ट्रेचर आडवं मावेल अशी लिफ्ट आहे का ते विचारा. बऱ्याच इमारतींत पेशंटला उभं करून किंवा खुर्चीत दुमडून आणतात. पाय मोडलेल्या बाईला तसं आणलेलं मी पाहिलंय, तिचं ओरडणं विसरता येत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटरपासून पुढे इमारत उंच धरतात, आगीचे नियम कडक होतात. पाच मजल्यांत राहून त्यातून निसटायचं, आणि जिना तोच अरुंद, त्यापेक्षा सगळं नीट केलेले आठ मजले मला चालतील.

अलका_विश्रामबाग:
सिस्टर, हे मी धरलं नव्हतं. पण 'सगळं नीट केलेले' हे बघणार कोण? आमच्याही जनरेटरला परवानगीच्या दिवशी डिझेल होतंच.

संजय_गावभाग:
म्हणून बांधूच नये का? आमच्या गल्लीत चार घरांत एकटी म्हातारी माणसं आहेत, पोरं पुण्यात नाहीतर बाहेरदेशी. डबा देणारं कुणी नाही. पाचच मजले दिले तर खोल्या कमी आणि भाडं दीडपट. मग परवडणार कुणाला?

अलका_विश्रामबाग:
भाड्याचा मुद्दा खरा आहे. तेवढा मान्य करते, आनंदाने नाही. हरकतीच्या अर्जात 'उंची नकोच' लिहिलं होतं, ते खोडते. आता असं लिहिते: अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोल्या पहिल्या दोन मजल्यांवरच. स्ट्रेचर मावेल अशा दोन लिफ्ट. जनरेटरची चाचणी दर महिन्याला, रहिवाशांसमोर. हे लेखी दिलं तरच वरचे तीन मजले. आणि 'सोयरसुतक नाही' हे तुम्ही खोडा.

संजय_गावभाग:
खोडलं. दोन लिफ्टच्या मागणीवर माझीही सही घ्या. खोल्यांच्या अटीवर नाही. वडिलांना मी खालच्या मजल्यावर ठेवणार नाही, विश्रामबागेत असलं तरी.