पूर्ण ९० मिनिटं बेंचवर

रविवार, रात्री ९:१२

ए-२०२: नमस्कार. लिहू की नको असं बराच वेळ चाललं होतं. आज सलग तिसरी मॅच मी बेंचवर बसून काढली. पूर्ण ९० मिनिटं, वर वाढीव ४. सकाळी नेट मी बांधल्या, बिब्स मी धुऊन आणल्या, बॉलमध्ये हवा मी भरली. बुटांना माती लागली नाही. खेळवायचं नसेल तर आदल्या रात्री सांगत जा, एवढीच विनंती.

बी-४०२ सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. फुटबॉलचा वेगळा ग्रुप आहे ना?

ए-२०२: त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं. जर्सीच्या प्रकरणापासून. तुम्हाला माहीत आहे.

डी-१०२: जर्सीचा विषय नको, प्लीज 🙏

डी-३०३ कीपर: १० नंबर कुणाचा हे अजून ठरलेलं नाही, एवढंच म्हणतो.

डी-१०२: झालं सुरू.

सी-१०१ काका: विषय निघालाच आहे तर लिहितो. दोन्ही गोलपोस्ट जमिनीला पक्के केलेले नाहीत. मॅच संपली की लहान मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात. पोस्ट पुढे कलंडतो. कृपया बंदोबस्त करावा.

बी-५०४ कप्तान: दादा, मला फोन करायचा होतात. स्कोअर १-१ होता, शेवटची वीस मिनिटं आपण नुसते बचाव करत होतो. जमलेली बॅकलाइन, म्हणजे बचावफळी, कशी मोडणार? शिवाय पाच सब, म्हणजे बदली खेळाडू, होऊन गेले होते. यात व्यक्तिगत काही नाही.

ए-२०२: तीन मॅच झाल्या. अजून किती झाल्या की व्यक्तिगत म्हणायचं?

ए-६०१ ताई: दादांचं म्हणणं बरोबर आहे. मी खेळते तरी, पण हाफटाइम झाला की पहिली मीच बाहेर. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, तुम्ही दमला असाल." मी दमलेली नसते.

बी-५०४ कप्तान: ताई, ते काळजीपोटी.

ए-६०१ ताई: काळजी असेल तर आधी मला विचारा.

डी-१०२: कप्तान, एक सांगू का? पाचची मर्यादा अधिकृत स्पर्धांसाठी आहे. मैत्रीपूर्ण मॅचला दोन्ही टीमनी मिळून आकडा ठरवायचा आणि सुरू व्हायच्या आधी रेफरीला सांगायचा. हौशी फुटबॉलमध्ये तर बाहेर आलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची सोयही नियम क्रमांक ३ मध्ये आहे. आपण समोरच्या टीमला कधी विचारलंच नाही.

बी-५०४ कप्तान: तू नियम पाठ कर, मी अकरा माणसं गोळा करतो.

डी-१०२: आज अकरा नव्हते, सतरा होते.

सी-७०४ डॉक्टर: मला वेगळंच विचारायचं आहे. हेडर मारताना बी-३०१ चं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं ते साधारण सत्तराव्या मिनिटाला. त्यानंतर तो वीस मिनिटं खेळत राहिला. का?

बी-५०४ कप्तान: त्यानेच सांगितलं ठीक आहे म्हणून. आणि तेच, सब संपले होते.

बी-३०१: ठीकच आहे मी डॉक्टर. डोकं जरा जड आहे इतकंच. मॅच १-१ झाली ना?

ए-६०१ ताई: भाऊ, हे तुम्ही परत येताना मला तीनदा विचारलंत.

सी-७०४ डॉक्टर: ताई, हे तेव्हाच सांगायचंत. भाऊ, घरी कोण आहे? त्यांना फोन द्या. मी वर येतोय.

सी-१०१ काका: पुन्हा पाठवतोय, वरच्या मेसेजेसमध्ये हरवलं असेल. दोन्ही गोलपोस्ट जमिनीला पक्के केलेले नाहीत.

डी-३०३ कीपर: मुळात १-१ झालंच कसं यावर कुणी बोलणार आहे का? बॉल हातात धरला म्हणून कॉर्नर? मी जन्मात ऐकलं नाही असं. त्या कॉर्नरवरच गोल बसला. रेफरी त्यांचा होता.

डी-१०२: रेफरी बरोबर होता. कीपरने बॉल हातात किती वेळ धरायचा याला आधी सहा सेकंदांचा नियम होता आणि शिक्षा म्हणून इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. कुणी मोजायचंच नाही. २०२५ च्या मोसमापासून आठ सेकंद झाले आणि शिक्षा कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. त्याने दाखवले होते. तुम्ही रेफरीकडे पाठ करून उभे होतात.

डी-३०३ कीपर: मी बॅकलाइनला वर जायला सांगत होतो! बॅकलाइन ऐकेल तेव्हा ना.

ए-१०३ सर: सौम्य भाषेत बोलूया.

डी-३०३ कीपर: सर, सौम्यच आहे. इथे कुणालाच गोलमध्ये उभं राहायचं नसतं. चार वर्षांत एकाने तरी म्हटलं का, की आज मी उभा राहतो, तू पुढे खेळ?

ए-२०२: मी म्हटलं होतं. दोनदा. उत्तर आलं नाही.

(डी-३०३ कीपर यांनी हा मेसेज डिलीट केला)

बी-४०२ सेक्रेटरी: रात्रीचे दहा वाजून गेलेत. उद्या बोलू. धन्यवाद.

रात्री १०:४०

सी-७०४ डॉक्टर: भाऊंना बघून आलो. उलटी नाही, बोलणं स्पष्ट, चालणं नीट. पण मार लागल्यानंतरची दहा-बारा मिनिटं त्यांना आठवत नाहीत. हे कन्कशनच आहे. सगळ्यांसाठी लिहितो, कारण पुढच्या वेळी मी मैदानावर असेनच असं नाही. मेंदूला धक्का बसण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. गोंधळलेला चेहरा, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, तोल जाणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, यातलं एक जरी दिसलं तरी माणूस बाहेर आणि त्या दिवशी परत आत नाही. नुसती शंका आली तरी बाहेर. "ठीक आहे" हे त्या माणसाने सांगून चालत नाही. ज्या डोक्याने तो ठरवणार, मार त्याच डोक्याला बसलेला असतो. आज रात्री घरच्यांना लक्ष ठेवायला सांगितलंय. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, जागं करायला त्रास झाला किंवा हातपाय लुळे वाटले तर थेट हॉस्पिटल. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, गाडी चालवायची नाही, फोन बाजूला. मग हळूहळू चालणं, धावणं, एकट्याने बॉल. दोन पायऱ्यांत किमान एक दिवसाचं अंतर. हेडर आणि अंगावर जाणारा खेळ सगळ्यात शेवटी, तोही तपासणी करून. पुढचा रविवार विसरा.

बी-५०४ कप्तान: माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ए-२०२: मी तेव्हा टचलाइनवर उभा राहून वॉर्म-अप करत होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

सोमवार, सकाळी ७:०५

सी-१०१ काका: सुप्रभात. पुन्हा पाठवतोय. हलवता येणारे गोलपोस्टसुद्धा जमिनीला घट्ट जखडलेले असले पाहिजेत, हे फुटबॉलच्या पहिल्याच नियमात लिहिलेलं आहे. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. सगळं वजन पुढच्या बाजूला. मागे वजन नसेल तर लहान मूल लोंबकळलं तरी पुरे. असे पोस्ट अंगावर पडून मुलं दगावलेली आहेत. मी उगाच लिहीत नाही.

ए-१०३ सर: कालच्या चर्चेवरून आठवलं. ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा क्लब १८६७ साली सुरू झाला. दीडशे वर्षांहून जास्त काळ त्यांच्या खेळाडूंनी मोबदला घेतला नाही. त्यांचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा की खेळायचं ते खेळासाठी. १८७२ साली स्कॉटलंड-इंग्लंड हा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू याच क्लबचे होते.

बी-५०४ कप्तान: सर, त्याच क्लबने स्कॉटिश कप दहा वेळा जिंकलाय. खेळासाठी खेळणारेही जिंकायलाच उतरतात.

डी-१०२: आणि २०१९ ला त्यांनीही मतदान घेऊन हौशीपणा सोडला.

ए-१०३ सर: मतदान घेऊन. हा शब्द महत्त्वाचा आहे. ब्राझीलच्या कोरिंथियन्स क्लबमध्येही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळे निर्णय मताने व्हायचे. सॉक्रेटिससारखा मोठा खेळाडू असो की किट सांभाळणारा, प्रत्येकाचं मत एक.

डी-३०३ कीपर: मग १० नंबरवर घ्या मतदान.

ए-६०१ ताई: अहो!!

बी-४०२ सेक्रेटरी: पाण्याच्या टाकीची नोटीस मी सकाळी टाकली होती, ती वर गेली. कृपया वाचावी.

दुपारी १:२०

बी-५०४ कप्तान: जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, मोठं होईल. माझ्याबद्दल एक समज झालाय की मला फक्त जिंकायचं असतं. मागचा मोसम आठवा. सलग सहा मॅच हरलो. प्रत्येक हरल्या मॅचनंतर एक-दोघं कमी व्हायचे. कुणाचा गुडघा, कुणाचे पाहुणे. शेवटच्या मॅचला आपण आठ जण होतो. सातच्या खाली गेलो असतो तर मॅच सुरूच करता आली नसती. मी पहाटे पाचपासून फोन लावत होतो, लोक बघून उचलत नव्हते. त्या दिवशी मला वाटलं, टीम संपली. या वर्षी दोन मॅच जिंकल्या आणि सतरा माणसं यायला लागली. १-१ असताना मला स्कोअर दिसत नाही, पुढच्या रविवारी किती जण येतील ते दिसतं. चुकत असेन. पण टीम टिकावी म्हणूनच करतो.

ए-२०२: त्या आठात मी होतो.

डी-१०२: मीपण होतो.

ए-२०२: सेंटर हाफला, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळलो, ०-५ हरलो. तिसऱ्या गोलनंतर तुम्ही म्हणालात, आज हे आठ जण आले ते मी विसरणार नाही. मी हरल्यावर येणारा माणूस आहे. जिंकायला लागल्यावर आलेले आता खेळतात आणि मी नेट बांधतो. नेट बांधायला माझी ना नाही. पण मी चाळीस पार केलीय, गुडघे अजून साथ देतायत, किती वर्षं देतील माहीत नाही. बॉल पायात आला की आठवड्याभराचं सगळं डोक्यातून जातं. बाहेर बसून ते होत नाही.

ए-६०१ ताई: 🙏

(एक तास कुणी लिहिलं नाही.)

बी-५०४ कप्तान: हो. म्हणालो होतो.

बी-५०४ कप्तान: दादा, घरी आहात का संध्याकाळी?

ए-२०२: आठनंतर.

सी-७०४ डॉक्टर: भाऊ आज बरे आहेत, डोकेदुखी कमी. कप्तान, गुडघ्यांचा विषय निघालाच तर, रविवारी आल्या आल्या लोक गोलवर शॉट मारत सुटतात, ते बंद करा. फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्म-अप आहे, वीस मिनिटांचा. धावणं, मग ताकद आणि तोलाचे व्यायाम, मग वेगाने धावत दिशा बदलणं. साहित्य लागत नाही. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा वॉर्म-अप करणाऱ्यांना दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. आठवड्यातून एकदाच करून फार उपयोग नाही, मधल्या वारीही करा.

डी-३०३ कीपर: सहा वाजता बोलावलं तर साडेसहाला येतात. वीस मिनिटं कुठून आणणार?

डी-१०२: साडेसहाला तुम्हीच येता.

डी-३०३ कीपर: मी ग्लोव्हज घालेपर्यंत वेळ लागतो.

सोमवार, रात्री ९:५०

बी-५०४ कप्तान: दादांकडे जाऊन आलो. समोरच्या कप्तानाशीही बोललो, त्यांची हरकत नाही. रविवारपासून रोलिंग सब, जितके हवे तितके, बाहेर आलेला पुन्हा आत जाऊ शकतो. जो येईल तो किमान एक अर्धा खेळेल. कोण कधी उतरणार याची यादी शनिवारी रात्री याच ग्रुपवर टाकेन. सेक्रेटरी साहेब, माफ करा. डोक्याला मार लागला की निर्णय माझा नाही, डॉक्टरांचा, आणि डॉक्टर नसतील तर ताईंचा. पहिला हाफ गोलमध्ये दादा, कीपर पुढे स्ट्रायकर.

डी-३०३ कीपर: खरंच?

बी-५०४ कप्तान: खरंच. शिनगार्ड घालून या, मागच्या वेळेसारखं नको. पहिला अर्धा झाला की अदलाबदल, दादा सेंटर हाफला.

डी-३०३ कीपर: दादा, ग्लोव्हज माझे घ्या. आणि काल रात्रीच्या मेसेजबद्दल सॉरी. डिलीट केला पण तुम्ही वाचला असणार.

ए-२०२: वाचला. ग्लोव्हजचा साइज काय?

डी-३०३ कीपर: ९.

ए-२०२: चालेल.

ए-६०१ ताई: मी पूर्ण मॅच खेळणार आहे. आताच सांगून ठेवते.

बी-५०४ कप्तान: ताई, बाकीच्यांसारखाच एक अर्धा नक्की. पूर्ण हवी असेल तर सहाला हजर.

ए-६०१ ताई: पावणेसहाला.

सी-१०१ काका: पुन्हा पाठवतोय. दोन्ही गोलपोस्ट जमिनीला पक्के केलेले नाहीत.

बी-५०४ कप्तान: काका, तुमचं चौथ्यांदा वाचतोय, पहिल्यांदाच उत्तर द्यायला हवं होतं. डी-विंगच्या जिन्याखाली वाळूची पोती आहेत. मी आणि डी-१०२ आत्ता खाली जातोय. तुम्ही येता का दाखवायला?

सी-१०१ काका: चप्पल घालतोय.

रात्री ११:०५

डी-१०२: दोन्ही पोस्टना मागच्या पाइपवर तीन-तीन पोती टाकली, दोरीने आवळली. काकांनी स्वतः लोंबकळून बघितलं.

बी-४०२ सेक्रेटरी: काका, या वयात!

सी-१०१ काका: डावा पक्का आहे. उजव्याचा मागचा पाइप अजून किंचित उचलला जातो. उद्या एक पोतं वाढवावं. सकाळी पुन्हा पाठवेन.